चित्र पाहून आलात का?

जहांगीर आर्ट गॅलरीच्या कुठल्याही दालनात शिरा, दाराशी एक छोटं टेबल असतं. त्यावर चित्रकाराची कार्डं, घडीचं माहितीपत्रक, उद्घाटनाचा दिवस असेल तर पेढ्यांचा बॉक्स आणि एक वही. अभिप्रायाची वही. चित्रं पाहून झाली की ही वही चाळायची मला जुनी सवय आहे. ‘अप्रतिम.’ ‘खूप सुंदर, पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ ‘रंगसंगती छान.’ मध्येच एखाद्या लहान मुलाने वाकड्या अक्षरात लिहिलेलं स्वतःचं नाव. एखाद्या पानावर ज्येष्ठ चित्रकाराची नुसती लफ्फेदार सही, आणि ते पान यजमान चित्रकार आल्यागेल्याला दाखवत असतो.

क्वचित एखादा मजकूर मात्र थांबवतो. एका जलरंगातल्या निसर्गचित्रांच्या प्रदर्शनात कुणीतरी लिहिलं होतं की आठव्या चित्रात नदीच्या पाण्यावर ऊन डावीकडून आलंय आणि काठावरच्या झाडांच्या सावल्याही डावीकडेच पडल्यात. एकदा सकाळी सातला घाटावर जाऊन बसा. खाली सही नव्हती. चित्रकाराने त्या पानात कागदाची पट्टी घालून खूण करून ठेवली होती. मी आठव्या चित्रासमोर जाऊन उभा राहिलो. लिहिणाऱ्याचं खरं होतं. तोवर ते चित्र मला आवडलं होतं, आणि चूक कळल्यावर ते मी अधिक वेळ पाहिलं.

गेल्या काही वर्षांत त्या टेबलावर वहीच्या शेजारी आणखी एक कागद आला आहे, क्यूआर कोडचा. फोन धरला की चित्रकाराचं इन्स्टाग्राम उघडतं. तिथेही तेच शब्द आहेत. अप्रतिम, सुंदर, शुभेच्छा. त्यांत ‘लय भारी’, ‘कमाल’ आणि आगीच्या ज्वाळांची भर पडली आहे. फरक इतकाच की ही वही सोमवारी संध्याकाळी बंद होत नाही. तिची पानं संपत नाहीत, आणि लिहिणाऱ्याने दालनात पाऊल ठेवलेलं असावं अशी अटही नाही.

इंटरनेटने कलासमीक्षेचं काय केलं, या प्रश्नाचं उत्तर मी गेली काही वर्षं शोधतो आहे. समीक्षा मेली म्हणणारे मित्र मला भेटतात, समीक्षा लोकांच्या हाती आली म्हणणारेही भेटतात. मला स्वतःला एकच कसोटी पुरेशी वाटते. एखादं लिखाण मला चित्राकडे परत पाठवतं की चित्रापासून सुटका करून देतं? वहीतल्या त्या निनावी माणसाने मला आठव्या चित्राकडे परत पाठवलं होतं. तो समीक्षक होता.

*

जहांगीरमधलं प्रदर्शन मंगळवारी उघडतं आणि सोमवारी उतरतं. सात दिवस. हे सात दिवस मिळावेत म्हणून चित्रकार कित्येक वर्षं नंबर लावून बसलेला असतो. कर्ज काढून फ्रेमा करतो, कोल्हापूर-सांगलीहून टेम्पो भरून आणतो, नातेवाइकांकडे उतरतो. जुन्या पद्धतीत समीक्षक बुधवारी-गुरुवारी यायचा, मजकूर शनिवारपर्यंत द्यायचा आणि पुढच्या आठवड्यात सदर छापून यायचं. तोवर चित्रं परतीच्या वाटेला लागलेली. समीक्षा वाचून कुणी प्रदर्शनाला जावं ही शक्यताच नसायची. चित्रकार कात्रण कापून फाइलीत लावायचा आणि पुढच्या प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात त्यातली दोन वाक्यं छापायचा.

तरीही त्या सदरांचं वजन मोठं होतं. १९३०च्या दशकात नाझींच्या जर्मनीतून मुंबईत आलेले रुडी फॉन लायडन ‘टाइम्स ऑफ इंडिया’त चित्रांवर लिहू लागले. १९४७ साली सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला, तेव्हा त्यांच्यामागे उभे राहिलेल्या मोजक्या माणसांत ते होते. पुढे ज्ञानेश्वर नाडकर्णींनी मराठीत आणि इंग्रजीत वर्षानुवर्षं लिहिलं. द. ग. गोडसे यांचं ‘पोत’ किंवा प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हाताशी असलेला मराठी वाचक चित्राविषयी आपल्या भाषेत बारकाईने बोलता येतं हे जाणून होता. पण ही माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांचे पाय काळा घोड्याच्या आसपासच फिरत. नागपूरच्या, अमरावतीच्या चित्रकाराला मुंबईत सात दिवस मिळाले नाहीत तर त्याच्या कामाची लेखी नोंदच व्हायची नाही. घर सांभाळून रात्री रंगवणाऱ्या कितीतरी बायकांची चित्रं कुणीही एक ओळ न लिहिता माळ्यावर गेली. जुन्या काळाच्या आठवणी काढताना हे विसरणं बरं नाही.

मग सदरं आटली. मीही एका दैनिकात काही वर्षं प्रदर्शनांवर लिहीत होतो. एके दिवशी फोन आला की जागा कमी झाली आहे, पुढच्या आठवड्यापासून पाठवू नका. त्यानंतर त्या दैनिकात चित्रकला पुन्हा दिसली ती लिलावाच्या बातमीतून. डिसेंबर २०१३मध्ये क्रिस्टीजने मुंबईत पहिला लिलाव केला, त्यात वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र २३.७ कोटी रुपयांना गेलं. गायतोंडे जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. ज्या वर्तमानपत्रांनी त्यांच्याविषयी कधी चार ओळी छापल्या नव्हत्या, त्यांनी पहिल्या पानावर आकडा छापला. ते चित्र कसं आहे, त्यात काय केलंय, याबद्दल एक वाक्यही नव्हतं.

वर्तमानपत्रांनी सोडलेली ही जागा मोकळी पडली होती. इंटरनेट तिथे आलं.

*

समीक्षक नावाचा प्राणीच मुळात गर्दीतून जन्मला, याची आठवण इथे ठेवायला हवी. पॅरिसच्या लूव्हर राजवाड्यात १७३७पासून राजाश्रयाखालच्या अकादमीची प्रदर्शनं नियमित भरू लागली आणि ती कुणालाही पाहायला खुली होती. सरदार, व्यापारी, शिकाऊ पोरं, मासळीवाल्या सगळ्यांनी ती पाहिली आणि सगळ्यांनी मतं दिली. १७४७मध्ये ला फों द सेंत-इयेन नावाच्या गृहस्थाने आपलं नाव न घालता एक पुस्तिका काढली आणि फ्रेंच चित्रकला का घसरली आहे हे सांगितलं. चित्रकार नसलेल्या माणसाने असं लिहावं, तेही नाव न लावता! अकादमीत संताप उसळला. त्याला आंधळा दाखवणारी व्यंगचित्रं निघाली. चित्रकार इतके दुखावले की १७४९ साली प्रदर्शनच भरलं नाही. निनावी माणसं, अनधिकृत मतं, खिल्ली, रुसवा, सगळं पावणेतीनशे वर्षांपूर्वीचं आहे.

त्याच पॅरिसमध्ये १७५९पासून फ्रेंच विचारवंत दिदेरो प्रदर्शनांवर लिहू लागला. त्याचे लेख ग्रिम नावाच्या मित्राच्या हस्तलिखित पत्रातून जात. प्रती थोड्याच काढल्या जात आणि वाचणारे युरोपभरच्या दरबारांत बसलेले राजे-सरदार. त्यांना ती चित्रं कधीच दिसणार नव्हती. म्हणून दिदेरोला चित्र शब्दांत उभं करावं लागलं. कोण कुठे बसलंय, कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर आहे, उजेड कुठून येतो, कापडाची चुणी कुठे मोडते. एवढं लिहायचं तर एवढं पाहावंही लागलं.

माझ्या मते इंटरनेटने केलेला सर्वांत मोठा बदल इथे आहे, आणि त्याविषयी फारसं बोललं जात नाही. आज मजकुराच्या वर फोटो असतोच. वाचकाला चित्र दिसतंय, मग वर्णन कशाला? म्हणून वर्णन गाळलं जातं आणि थेट मत दिलं जातं. पण वर्णन हे वाचकासाठी जितकं होतं तितकंच लिहिणाऱ्यासाठी होतं. डाव्या कोपऱ्यातल्या बाईच्या हातात तांब्या आहे की कळशी, हे लिहिताना तुम्हाला पुन्हा मान वर करावी लागते. त्या मान वर करण्यात समीक्षा घडायची.

*

आता अलीकडची, २०२३च्या शरदातली न्यूयॉर्कमधली गोष्ट.

डेव्हन रॉड्रिगेझ हे ब्राँक्समध्ये वाढलेले तरुण चित्रकार. भुयारी रेल्वेत समोर बसलेल्या अनोळखी माणसाचं चित्र काढायचं, उतरण्याआधी ते त्याच्या हातात द्यायचं आणि त्याचा चेहरा कसा उजळतो हे टिपायचं, अशा त्यांच्या चित्रफिती टिकटॉकवर गाजल्या. तिथे त्यांना तीन कोटींहून अधिक लोक पाहतात. म्हणजे आपल्या पुण्या-मुंबईच्या एकत्र लोकसंख्येची बरोबरी करेल इतका प्रेक्षक एका चित्रकाराला लाभला आहे. त्या वर्षी त्यांचं पहिलं मोठं एकल प्रदर्शन चेल्सी भागात भरलं. आर्टनेट या ऑनलाइन नियतकालिकाचे समीक्षक बेन डेव्हिस ते पाहायला गेले आणि त्यांनी लेख लिहिला.

लेख जहाल नव्हता. भिंतीवरची तैलचित्रं कसबी आहेत, पण त्यांच्यात फारसं काही घडत नाही. खरी निर्मिती त्या चित्रफिती आहेत, अनोळखी माणसाला अचानक मिळालेली ती प्रेमळ नजर आणि ती पाहणाऱ्या कोट्यवधींना कलाकाराशी वाटणारी ओळख, असा त्यांचा साधारण रोख होता. मला तर हा लेख रॉड्रिगेझ यांच्या कामाला गंभीरपणे घेणारा पहिला लेख वाटला. इतरांनी त्यांचे अनुयायी मोजले होते, डेव्हिस यांनी त्यांचं काम पाहिलं होतं.

रॉड्रिगेझ यांना तो हल्ला वाटला. त्यांनी इन्स्टाग्रामवर डेव्हिस यांच्याविरुद्ध एकामागून एक नोंदी टाकल्या आणि अनुयायी डेव्हिस यांच्यावर तुटून पडले. शिव्या, धमक्या, रूपावरून टोमणे. बहुतेकांनी लेख वाचलेला नव्हता आणि प्रदर्शन तर पाहिलंच नव्हतं. डेव्हिस यांनी पुढच्या महिन्यात या अनुभवावरही लेख लिहिला, आणि तो मी दोनदा वाचला, कारण त्यात चडफड नव्हती. त्या लोकांना नेमकं काय दुखलं याचा विचार होता. गरिबीतून वर आलेला एक गुणी मुलगा आहे, आम्ही त्याला वर आणलंय, आणि हा कोण जुन्या दुनियेतला माणूस त्याला खाली खेचणारा? त्यांच्या लेखी चित्राचा प्रश्नच नव्हता. प्रश्न आपल्या माणसाचा होता.

हे वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही. आपल्याकडे एखाद्या गावच्या मुलाने खडूवर शिवाजी महाराज कोरले, तांदळाच्या दाण्यावर गणपती रंगवला, शाळेच्या पटांगणभर रांगोळी घातली, की ती चित्रफीत तालुक्यात फिरते. तिच्याखाली कुणी लिहावं की घोड्याचे मागचे पाय चुकलेत, तर त्याचं काय होतं हे आपण पाहतो. ‘तू काढून दाखव.’ पूर्वी हे वाक्य चावडीवर किंवा कट्ट्यावर बोललं जायचं आणि तिथेच विरायचं. आता ते हजार तोंडांनी एका माणसाच्या खिशात शिरतं. माझ्या ओळखीचे दोघे-तिघे जाणते लोक नकारात्मक काही लिहायचंच नाही असं ठरवून बसले आहेत. ते फक्त आवडलेल्यावर लिहितात, बाकी सगळ्यावर गप्प राहतात. या गप्पपणात चित्रकाराचंच नुकसान आहे. त्याला घोड्याच्या पायांबद्दल सांगणारं कुणी उरत नाही.

*

पण हेच माध्यम दुसरंही काही देऊन गेलं. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयात शिकणाऱ्या गॅब्रिएल द ला पुएंते आणि झरीना मुहम्मद या दोन मुलींनी २०१५मध्ये ‘द व्हाइट प्यूब’ हे समीक्षेचं संकेतस्थळ सुरू केलं. आम्ही वाचतो ती समीक्षा कंटाळवाणी आहे, गोऱ्या मध्यमवयीन पुरुषांनी एकमेकांसाठी लिहिलेली आहे, अशी त्यांची तक्रार होती. मग त्या स्वतः लिहू लागल्या. कुठल्या बसने गेलो, भूक लागली होती, दालनातल्या रखवालदाराने कसं पाहिलं, चित्रासमोर काय वाटलं आणि का वाटलं, सगळं बोलीभाषेत. गुणांऐवजी इमोजी. सुरुवातीला हे वाचून मी नाक मुरडलं होतं. मग लक्षात आलं की या मुली प्रत्येक वेळी प्रदर्शनात जातात, तिथे वेळ घालवतात आणि आपल्याला कळलं नाही तर कळलं नाही असं लिहितात. आपल्या पैशांचा हिशेबही त्या उघड मांडतात. कोणत्या समीक्षकाने हे आपल्याकडे कधी केलंय? ज्याच्या माहितीपत्रकासाठी पैसे घेऊन दोन पानं लिहिली, त्याच्याच प्रदर्शनाचं परीक्षण वर्तमानपत्रात लिहिण्याची पद्धत आपल्या कलाविश्वात सर्रास चालत आली, आणि तिच्याबद्दल कुणी ब्रही काढला नाही.

लंडनच्या त्या दोघींची बंडखोरी कशाविरुद्ध होती हे समजायला २०१२चा एक लेख उपयोगी पडतो. अ‍ॅलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन यांनी ‘ट्रिपल कॅनपी’ या ऑनलाइन नियतकालिकात लिहिलेला. ई-फ्लक्स या सेवेतून जगभरच्या कलासंस्थांची निवेदनं वर्षानुवर्षं ईमेलने जात होती. ती सगळी संगणकाला खाऊ घालून या दोघांनी त्यांतली भाषा तपासली आणि कलाजगताने आपली एक वेगळीच इंग्रजी घडवली आहे असं दाखवलं, जी कुठल्याही देशाच्या कुठल्याही चित्राला सारखीच लागू पडते. आपल्या माहितीपत्रकांतली मराठी काही निराळी आहे का? ‘अवकाशाचा अमूर्त शोध’, ‘अस्तित्वाच्या जाणिवांचा रंगाविष्कार’. यातलं एक वाक्य उचलून शेजारच्या दालनातल्या चित्रांखाली लावा, कुणाला पत्ता लागणार नाही. त्यापेक्षा ‘मला या चित्रात गुदमरल्यासारखं झालं, कारण आकाशच नाही’ असं लिहिणारी विशीतली मुलगी मला चित्राच्या अधिक जवळ नेते.

मराठीतही हे घडू लागलं आहे. सतीश नाईक यांचं ‘चिन्ह’ छापील अंकातून सुरू झालं आणि पुढे संकेतस्थळावर आलं. कलाशिक्षणातल्या ज्या दुरवस्थेवर दैनिकं लिहीत नाहीत, त्यावर तिथे सलग लिहिलं गेलं. चित्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत कधी रात्री अकरानंतर एखाद्या चित्रावर अशी चर्चा रंगते की ती छापावीशी वाटते. सकाळी ती ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली गाडली गेलेली असते. ही नोंद आमच्या हातून निसटते आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

*

चित्र न पाहता चित्राचा निवाडा करण्याची सर्वांत गंभीर उदाहरणं मात्र लाइक्सची नाहीत, वेदनेची आहेत. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या २०१७च्या द्वैवार्षिक प्रदर्शनात डेना शुट्झ या गोऱ्या चित्रकर्तीने ‘ओपन कास्केट’ हे चित्र मांडलं. विषय एमेट टिल. १९५५मध्ये मिसिसिपीत गोऱ्यांनी हालहाल करून मारलेला चौदा वर्षांचा काळा मुलगा. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवून जगाला त्याचा चेहरा दाखवला होता. हॅना ब्लॅक या कलावतीने फेसबुकवर खुलं पत्र लिहिलं: काळ्या माणसाचं दुःख गोऱ्या चित्रकर्तीचा कच्चा माल होऊ शकत नाही, हे चित्र काढून टाका आणि नष्ट करा. पत्र वणव्यासारखं पसरलं. पार्कर ब्राइट हा काळा कलावंत दालनातच चित्राच्या पुढ्यात उभा राहिला, जेणेकरून ते इतरांना नीट दिसू नये. संग्रहालयाने चित्र हलवलं नाही.

पत्रातला प्रश्न खरा होता. इंटरनेट नसतं तर तो प्रश्न बंद दारांआड राहिला असता. पण नष्ट करा ही मागणी मला मान्य होणार नाही. कोको फुस्को यांनी ‘हायपरअ‍ॅलर्जिक’ या ऑनलाइन नियतकालिकात सविस्तर लिहून तिचा प्रतिवाद केला. काळ्या माणसांच्या दुःखाचं चित्रण करणाऱ्या गोऱ्या कलावंतांचा इतिहास त्यांनी मांडला आणि मग मत दिलं. हा लेख म्हणजे ऑनलाइन समीक्षेचा मानदंड आहे. जगभर भांडणाऱ्या बहुतेकांनी मात्र पाहिला तो शुट्झ यांच्या चित्राचा फोनवरचा फोटो. त्या कॅनव्हासवर चेहऱ्याच्या जागी रंगाचे जाड थर वर उचललेले आहेत, हे फोटोत कळत नाही. त्या थरांमुळे चित्र अधिक क्षम्य ठरतं की अधिक अक्षम्य, हा वाद व्हायला हवा होता. तो फारच थोड्यांनी केला.

आपल्याला हे हुसेन यांच्याबाबतीत आधीच दिसलं होतं. त्यांची जुनी रेखाटनं १९९६मध्ये एका मासिकात पुन्हा छापली गेली आणि खटले सुरू झाले. २००६मध्ये वाद झाला तो एका धर्मादाय लिलावाच्या जाहिरातीतल्या चित्रावरून, आणि तो लिलाव इंटरनेटवरचा होता. चित्राला ‘भारतमाता’ हे नाव हुसेन यांनी दिलंच नव्हतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ मे २००८ रोजी त्यांच्यावरचे खटले रद्द केले, पण देश सोडून गेलेले हुसेन परतले नाहीत. २०११मध्ये लंडनमध्ये त्यांचा अंत झाला. ते मूळ चित्र समोर उभं राहून पाहिलेला एकही तक्रारदार मला कधी भेटला नाही.

*

मला सर्वांत जवळून ठाऊक असलेली गोष्ट मूर्तींची आहे. श्रावण लागला की पेणच्या कारखान्यांतल्या आखणीच्या रील्स फिरू लागतात. गणपतीच्या पांढऱ्या डोळ्यावर कारागीर श्वास रोखून बारीक कुंचल्याने एका झटक्यात वरच्या पापणीची रेघ ओढतो आणि मूर्ती बघू लागते. तीस सेकंदांत मूर्ती जिवंत होताना दिसते, लाखो लोक पाहतात, खाली ‘डोळे बोलतात’ असं लिहितात. या कारागिरांकडे आजवर कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. कारखान्याच्या मालकाचं नाव व्हायचं, आखणी करणाऱ्याचं कधीच नाही. रीलने त्याचा हात जगाला दाखवला, हे फार चांगलं झालं.

पण कारखान्यातला जुना माणूस डोळ्यांची परीक्षा वेगळी करतो. तो जमिनीवर बसतो. मोठी मूर्ती मखरात, उंचावर बसणार असते, भक्त खालून बघणार असतो. नजर थोडी खाली उतरलेली असली तर ती भक्ताला भेटते. सरळ काढली तर मंडपाच्या कनातीवर जाते. फोन मात्र चेहऱ्यासमोर नाकाच्या रेषेत धरलेला असतो. फोनमध्ये सरळ नजरेची मूर्ती जास्त ‘बोलते’. मग मागणीही तशीच येऊ लागते. एका कारागिराने मला हे दोन फोटो शेजारी ठेवून दाखवलं, समोरून काढलेला आणि बसून काढलेला. फोनवर सरळ नजरेची मूर्ती उजवी होती, बसून पाहिल्यावर खाली उतरलेल्या नजरेची. त्याने दाखवलं ते समीक्षेचं मी पाहिलेलं सर्वांत नेमकं प्रात्यक्षिक आहे.

व्यक्तिचित्रणाचंही असंच. मुंबई-पुण्यात समोर माणूस बसवून चित्र काढण्याच्या प्रात्यक्षिकांची मोठी परंपरा आहे. वासुदेव कामत यांच्यासारखे चित्रकार मंचावर दोन-अडीच तास काम करतात आणि समोर बसलेले विद्यार्थी श्वास धरून पाहतात. तिथे पुसलेली रेघ दिसते, हनुवटी दोनदा बदललेली दिसते, चित्रकार मागे सरकून डोळे बारीक करतो ते दिसतं. त्यातून एक भाषा तयार झाली. ‘ड्रॉइंग कच्चं आहे’, ‘मान धडावर बसलेली नाही’, ‘टोन उडालाय’, ‘इथे कड विरघळायला हवी’. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये हनुवटी कधी चुकतच नाही. तिच्याखाली एकच शब्द उरतो, ‘हुबेहूब’. या शब्दावर माझा राग नाही. पण जे. जे.च्या वर्गांत शंभर-सव्वाशे वर्षांत घडलेली ती कामाची बोली या एका शब्दापायी विसरली गेली, तर पुढच्या मुलाला त्याची चूक कुठल्या शब्दांत सांगायची?

*

फोनच्या काचेतून काहीच दिसत नाही असं मात्र नाही. अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने जानेवारी २०२२मध्ये रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चा ७१७ गिगापिक्सेलचा फोटो सर्वांना खुला केला. ८,४३९ छायाचित्रं जोडून बनवलेला. मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतकं बारीक त्यात दिसतं. डोळ्याच्या बुब्बुळातला रंगाचा ठिपका आणि त्याला गेलेली भेग मी घरी बसून पाहिली. प्रत्यक्ष दालनात उभं राहिलो असतो तरी मला ती दिसली नसती. कुणा लेखकाने त्या भेगेविषयी लिहिलं तर यवतमाळचा वाचक ती स्वतः तपासू शकतो. ही सोय दिदेरोच्या राजांनाही नव्हती.

आणि गायतोंडे? त्यांचं एक पिवळं चित्र मी आधी फोनवर पाहिलं होतं. पिवळा चौकोन, त्यात काही अस्पष्ट खुणा. पुढे एका प्रदर्शनात ते समोर आलं. रोलरने आणि पॅलेट नाइफने चढवलेले, काढलेले, पुन्हा चढवलेले थर. जवळ गेलं की पिवळ्याखाली हिरवट, त्याखाली कुठे राखाडी, आणि मागे सरकलं की सगळं मिळून धुक्यातून यावा तसा एक उजेड. पाचेक मिनिटं काहीच होत नाही. मग डोळा सरावतो आणि त्या खुणा पृष्ठभागावरून मागे सरकायला लागतात. पाच मिनिटं एका जागी थांबवण्याची ताकद फोनमध्ये नाही, आणि त्या चित्राला पाच मिनिटांपेक्षा कमीत काही सांगताही येत नाही.

*

शेवटी एक अनुभव लिहितो. कोकणातल्या एका चित्रकाराचं प्रदर्शन होतं, जुन्या घरांच्या आतल्या भागांची तैलचित्रं. बुधवारी पाहिलं, फोटो काढले आणि रात्री घरी फोटो समोर ठेवून चित्रकारांच्या गटावर चार परिच्छेद लिहून टाकले. ‘माजघर’ नावाच्या चित्राची मी विशेष तारीफ केली होती. वरच्या तुळयांवर गडद सावलीची एक पट्टी आहे, तिने छत खाली दाबल्यासारखं होतं आणि कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीचं एकटेपण वाढतं, असं काहीसं.

साडेबाराला त्याचा निरोप आला. ‘सर, ती पट्टी मी रंगवलेली नाही. फ्रेमच्या वरच्या कडेची सावली आहे, दिव्यामुळे पडते. पण तुमचं वाचल्यापासून झोप येत नाहीये. छत मला स्टुडिओपासूनच हलकं वाटत होतं. उद्या याल का?’

गुरुवारी अकराला दालन उघडताना मी तिथे होतो. त्याने आणि मी मिळून चित्र भिंतीवरून उतरवलं, खुर्चीवर टेकवलं आणि त्याने दिवा दुसरीकडे वळवायला सांगितलं. सावली गेली. तुळया फिक्या, उडाल्यासारख्या दिसू लागल्या आणि म्हातारी खोलीत नुसती ठेवल्यासारखी. आम्ही दोघं काही वेळ बोललो नाही. मग मला तांब्याच्या बंबाच्या कडेवरचा लाल रंगाचा नखाएवढा फटकारा दिसला, जो फोटोत काळा आला होता. सगळी खोली त्या लालवर तोललेली होती. मी त्याला तो दाखवला. तो म्हणाला, तो सर्वांत शेवटी लावलाय, लावू की नको असं करत. मग त्याने बोटाने हवेतच तुळयांवरून एक आडवी रेघ ओढली, कुठवर गडद करायचं ते बघायला, आणि मला तिथेच उभं राहायला सांगून स्वतः दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला.

प्रदर्शन सोमवारी उतरायचं होतं. आमच्याकडे अजून चार दिवस होते.